पोवाडा ऐकू येऊ द्या!

चाळीस ढोल, कीबोर्ड आणि चित्रपटाला शोभणारा गडगडाट यांच्याखाली जे गाडले जाते, त्याला पोवाडा म्हणण्यास माझी हरकत आहे. शिवजयंतीला लोहगडाच्या पायथ्यापासून लोणावळ्याच्या चौकापर्यंत हेच कानांवर आदळते. म्हणून आजचा धागा वाद्यांविषयी.

पोवाड्याचा मूळ संच किती? डफ घेतलेला शाहीर आणि तुणतुणे धरलेला झीलकरी. फार तर आणखी एखादा साथीदार. गोंधळ्यांकडे डफाच्या जागी संबळ. कार्ल्याच्या एकवीरेला कुलस्वामिनी मानणाऱ्या घरांत लग्नानंतर गोंधळ घातला जातो, तेव्हा दिवटीच्या उजेडात हीच वाद्ये असतात. आणि पोवाडे जतन करणाऱ्यांत हे गोंधळीही होते.

तुणतुण्याची घडण पाहा. लाकडी नळकांडे, तळाला कातडे, बाजूला काठी, वर खुंटी आणि एकच तार. तिच्यावर चाल वाजवायची नसते. ती सूर धरते, लय धरते आणि शब्दांना वाट मोकळी ठेवते. चरणाच्या शेवटी झीलकरी ‘जी जी’ करीत सूर उचलतो. तेवढ्यात शाहीर दम घेतो आणि श्रोता ऐकलेले मनात बसवतो. या मोकळ्या जागेला दारिद्र्य समजून ती ढोलांनी भरणाऱ्याला पोवाडा कळलेला नाही.

अमेरिकेतील ब्लूज गायक सॉनी टेरी आणि ब्राउनी मॅगी यांची जोडी एक माउथऑर्गन आणि एक गिटार एवढ्यावर दशकानुदशके मैफली रंगवीत राहिली. (पोवाड्याला ‘महाराष्ट्राचा ब्लूज’ म्हणण्याची हौस मात्र नको. पोवाडा हा प्रसंगाचा जाहीर वृत्तांत आहे.)

वृत्तांत म्हटला की शब्द ऐकू आलाच पाहिजे. १६५९ च्या अफझलखान वधावर अज्ञानदासाने पोवाडा रचला, १६७० च्या सिंहगडावर तुळशीदासाने. वर्तमानपत्र नसलेल्या त्या काळात पवन मावळ, नाणे मावळ, अंदर मावळ इथल्या माणसाला आपल्याच लोकांच्या पराक्रमाची गोष्ट अशा गाण्यातून भेटे. तुळशीदासाच्या पोवाड्यात यशवंती घोरपडही आहे आणि शेलारमामाही. त्यातले इतिहास किती, कविकल्पना किती, यावर तुम्ही रात्र-रात्र भांडता, आणि भांडलेच पाहिजे. पण ज्या सादरीकरणात एक ओळही नीट कळत नाही, त्याची चिकित्सा कशी करणार? तिथे साधन संपते आणि नुसता उन्माद उरतो. इतिहासाच्या नावाखाली अंगावर काटा आणणे फार सोपे असते.

‘तरुणांना आवडावे म्हणून बदल करावा लागतो’, हा बचाव मला मान्य नाही. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. विषय नवे, श्रोते गिरणी कामगार, राजकारण उघड. डफ तोच राहिला आणि शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला. बदल कसा करावा हे आम्हाला कोणी शिकवलेले नाही, असे नव्हे.

१८९१ मध्ये हॅरी ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी पोवाडे संग्रहित करून छापले, म्हणून अनेक रचना आज वाचता येतात. परंतु झील कुठे उचलायची, डफ कुठे थांबवायचा, हे कागदावर उतरत नाही. ते एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. बिदागीची रक्कम ध्वनियंत्रणेवर उडाली की दोन माणसांची ती जोडी घरी बसते आणि तिची मुले दुसरा धंदा शोधतात.

जुलै २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेला. तटबंदीचा दगड हलवायचा तर आता दहा परवानग्या लागतील. पोवाड्याची मोडतोड मात्र कोणीही, कुठेही, मोठ्या आवाजात करावी!

पुढच्या शिवजयंतीला मंडळात तुमचा शब्द चालत असेल, तर एक शाहीर आणि एक तुणतुणेवाला बोलवा, मानधन पूर्ण द्या आणि स्पीकरच्या भिंती भाड्याने आणू नका. आणि पोवाड्यावर रील करणार असाल, तर खाली कवीचे नाव लिहा: तुळशीदास.