बांधापलीकडे गेलेला कुत्रा

मक्याला कणसे धरली की अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतच्या गावांत शेतकऱ्याची झोप शेतात जाते. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखायचे म्हणजे रात्रीची जाग आली, बॅटरी आली, कुंपणाची तार आली आणि कुत्राही आला. भोकरदन तालुक्यातील धावडा हे अशाच गावांपैकी एक. तिथे आणि आसपासच्या शिवारांत वस्त्या शेतातच असतात, एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीला हाक ऐकू जाते. वस्तीवरचा कुत्रा दिवसा दारात पडलेला असतो आणि रात्री मोकळा असतो. मोकळा असतो म्हणूनच तो राखण करू शकतो. पण बांध त्याला कळत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. सकाळी आपला पशुवैद्यकीय दवाखाना उघडण्याआधीच एक शेतकरी पोत्यावर निजवलेला कुत्रा घेऊन आला आहे. कुत्र्याचे पुढचे पंजे भाजलेले आहेत, धाप लागली आहे. शेतकरी म्हणतो, "साहेब, शेजाऱ्यानं मुद्दाम करंट सोडला. तसं लिहून द्या." तासाभराने तोच शेजारी दोन फाडलेल्या शेळ्या घेऊन येतो. त्याचेही म्हणणे तेच असते : "साहेब, त्याच्याच कुत्र्यानं केलंय हे. तसं लिहून द्या." दोघेही आपलेच पशुपालक, दोघांचीही जनावरे तडफडत आहेत, आणि दोघांनाही औषधाइतकाच आपला कागद हवा आहे.

या अंकाचे संपादकीय त्या कागदाबद्दल आहे. मोकाट सुटलेल्या कुत्र्याला इजा झाली तर शेजाऱ्यांपैकी जबाबदार कोण, हा प्रश्न पुढे पोलीस ठाण्यात, तंटामुक्त समितीत किंवा न्यायालयात जातो. पण त्याचे उत्तर ज्या खुणांवरून ठरते, त्या सर्वांत आधी आपल्या टेबलावर येतात आणि टाके घातले, जखम धुतली की पुसल्या जातात. त्या वेळी केसपेपरवर नुसते 'अपघात' किंवा नुसते 'मारहाण' असे लिहून आपण मोकळे झालो, तर वादाचा निकाल आपणच आणि तोही न तपासता दिलेला असतो.

कायदा नेमके काय विचारतो हे आपल्याला ठाऊक असायला हवे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या दंडविधानात कलम 428 आणि 429 अशी दोन कलमे होती आणि जनावराची किंमत दहा रुपये की पन्नास रुपये यावरून शिक्षा बदलत असे. आता कलम 325 मध्ये किमतीची अट उरलेली नाही. कोणत्याही प्राण्याला ठार मारणे, विष घालणे, अपंग किंवा निकामी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वस्तीवरच्या गावठी कुत्र्याची बाजारात काही किंमत नसते, म्हणून त्याची तक्रार हलकी मानावी असे आता कोणाला म्हणता येणार नाही. पण या गुन्ह्याला हेतू लागतो, किंवा आपल्या कृत्याने नुकसान होण्याचा संभव आहे याची जाणीव तरी लागते. निव्वळ अपघात त्यात बसत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये हे स्पष्ट केले. एप्रिल 2020 मध्ये मरीन ड्राइव्हवर घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या दुचाकीसमोर भटका कुत्रा आला. कुत्रा मेला, मुलगाही पडून जखमी झाला आणि गुन्हा मात्र त्याच्यावरच दाखल झाला. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने तो रद्द केला. भरधाव वाहन चालवून माणसाचा जीव धोक्यात घालण्याची कलमे कुत्र्याच्या मृत्यूला लावता येत नाहीत आणि जनावराला मारण्याचा हेतू इथे दिसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. शिवाय त्या तरुणाला 20,000 रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. धावड्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरखाली शेजाऱ्याचा कुत्रा आला तर हाच विचार लागू होतो.

तारेचे आणि आमिषाचे प्रकरण वेगळे आहे. इंग्लंडमध्ये 1808 साली टाउनसेंड विरुद्ध वॉथेन या खटल्यात जमीनमालकाने आपल्याच हद्दीत, पण वाटेजवळ, उग्र वासाचे मांस लावून सापळे मांडले होते. शेजाऱ्याचे कुत्रे वासाने ओढले जाऊन त्यात सापडले. कुत्रे परक्या जमिनीत शिरले होते हे खरे, तरी मांडणाराच जबाबदार ठरला, कारण त्याने कुत्र्यांच्या उपजत ओढीचाच फास केला होता. डुकरासाठी पेरलेला गावठी बॉम्ब, विष लावलेले मांस किंवा थेट घरगुती विजेची उघडी तार, यांचा विचार याच दिशेने करावा लागतो. 'माझ्या शेतात लावले होते' एवढे उत्तर पुरत नाही. आकडा टाकून वीज घेतली असेल तर वीज कायदा 2003 मधील वीजचोरीचा गुन्हा निराळाच.

शेळ्या वाचवणाऱ्या शेजाऱ्याची बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे समजून घेतली पाहिजे. कुत्रा कळपात घुसला असताना, दुसरा उपाय हाताशी नसताना घातलेली काठी आणि दुसऱ्या दिवशी दबा धरून घातलेली कुऱ्हाड यांत कायदा फरक करतो. मोठे नुकसान टाळण्यासाठी सद्‌भावनेने केलेल्या कृतीला न्याय संहितेचे कलम 19 संरक्षण देते. 1947 च्या क्रेसवेल विरुद्ध सर्ल या इंग्लिश निकालातही कसोटी हीच होती : हल्ला चालू होता किंवा अगदी जवळ आला होता का, आणि त्या माणसाने त्या परिस्थितीत वाजवी तेवढेच केले का?

मालकही सुटत नाही. कुत्र्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना पुरेशी काळजी न घेणे हा कलम 291 खाली गुन्हा आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 मालकाला बजावतो : आखूड किंवा जड साखळीने कुत्र्याला अवाजवी वेळ जखडून ठेवू नका, आणि क्रूरता टाळण्यासाठी वाजवी देखरेखीत कसूर करू नका. 1871 च्या कोंडवाड्याच्या कायद्यात गाय, म्हैस, शेळी, डुकरापर्यंत सगळे आहेत, कुत्रा नाही. पिकात शिरलेली गाय कोंडवाड्यात घालून दाद मागता येते, शेळीमागे लागलेल्या कुत्र्याबाबत तशी सोपी वाट नाही. म्हणूनच तक्रार काठीवर येते, आणि काठीमागे पुष्कळदा बांधाचे जुने भांडण असते.

आता आपल्या टेबलाकडे येऊ.

विजेची जखम लहान असते. मध्ये फिकट, थोडी खोलगट, कडा उचललेल्या, जवळचे केस करपलेले. ती पंजांवर, नाकावर किंवा ओठांवर शोधा. मेलेल्या कुत्र्यात फुप्फुसांत पाणी साचलेले दिसू शकते. नीट बसवलेले झटका मशीन थांबून थांबून क्षणभराचा ठोका देते, त्याने जनावर दचकून मागे सरते, सहसा भाजत नाही. त्यामुळे भाजलेला पंजा दिसला तर तो थेट विजेचा संशय जागवतो आणि तशी नोंद महत्त्वाची ठरते. फाशाची जखम मानेभोवती किंवा कमरेभोवती गोल खाचेसारखी फिरते. डुकराचा सुळा पोटाला, मांडीला लांब चीर पाडतो. कुत्र्याचा चावा वरून बारीक छिद्र दिसतो, पण आत स्नायू चेचलेले असतात. कुऱ्हाडीची कड स्वच्छ असते. चाकाखाली आलेल्या कुत्र्याची कातडी मांसापासून सोलवटून सुटते. जखमेत अळ्या असतील तर 'आत्ताच मारलं' हे सांगणे तपासून पाहावे लागते, कारण माशीच्या अंड्यांतून अळ्या निघायलाही काही तास जातात. लाळ, आकसलेल्या बाहुल्या, थरथरणारे स्नायू आणि मंद नाडी दिसली तर ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाचा विचार करून लगेच उपचार सुरू करा, आणि वांती, उरलेले आमिष जपून ठेवायला सांगा.

केसपेपरवर दोन भाग वेगळे ठेवा. 'मालकाच्या सांगण्यानुसार' या शब्दांनी पहिला सुरू व्हावा आणि त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत यावे. दुसरा 'तपासणीत आढळले' असा. त्यात जखमेची जागा, लांबी-रुंदी-खोली सेंटिमीटरमध्ये, कडा, रंग, वास, अंदाजे वय, आणि आणल्याची वेळ. कारण लिहायचे तर 'अमुक कारणाशी सुसंगत' एवढेच. 'कोणी केले' हे आपल्याला दिसलेले नसते, म्हणून ते आपण लिहायचे नाही. शेजाऱ्याच्या शेळ्यांचा केसपेपरही त्याच शिस्तीने, त्याच बारकाईने भरायचा.

जखम धुण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि मूळ फाइल जपा. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे असा पुरावा देताना सोबत प्रमाणपत्र लागते. कुत्रा दगावला आणि पोलिसांनी शवविच्छेदन मागितले, तर रासायनिक तपासणीचे अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवा, फॉर्मॅलिनमध्ये नाही. फॉर्मॅलिन सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीच्या तुकड्यांसाठी आहे. मोहोरबंद नमुने पोलिसांमार्फत छत्रपती संभाजीनगरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जाताना हातोहात पावती असू द्या. अनोळखी जखमी कुत्र्याला हात लावताना रेबीज विसरू नका. हातमोजे, मुसक्या आणि आपले स्वतःचे लसीकरण आधी. त्याने कोणाला चावा घेतला असेल तर दहा दिवसांची देखरेख करा आणि चावलेल्या माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम 1984 च्या कलम 30 ने दाखला देण्याचा आणि तज्ज्ञ म्हणून साक्ष देण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला दिला आहे. म्हणून श्रेणी-2 दवाखान्यातील पशुधन पर्यवेक्षकांनी प्रथमोपचार आणि नोंद अवश्य करावी, पण दाखल्याचा आग्रह झाल्यास पशुपालकाला श्रेणी-1 च्या पशुवैद्यकाकडे पाठवावे. औषधांची पावती, फेऱ्यांच्या तारखा दोन्ही बाजूंना द्याव्यात. गावठी कुत्र्याला बाजारभाव नसल्यामुळे नुकसानभरपाईचा आकडा बहुतेक वेळा उपचाराच्या खर्चावरच उभा राहतो आणि असा दावा करायला तीन वर्षांची मुदत असते.

इतके करूनही बहुतेक भांडणे न्यायालयापर्यंत जाऊ नयेत, हीच आपली इच्छा असायला हवी. प्राण्याला मारल्याच्या गुन्ह्यात मालकाला तडजोड करता येते. 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने असे तंटे गावातच बसून मिटवण्याची वाट दाखवली. पण तिथे बसणाऱ्यांपुढे दोन तापलेल्या माणसांच्या शब्दांखेरीज काही नसेल, तर ज्याचे गावात वजन जास्त त्याचे खरे ठरते. आपला कागद समोर असला तर बोलणे जखमेवर येते, तारेवर येते, शेळ्यांच्या उपचारावर येते, आणि जुना बांध थोडा वेळ बाजूला राहतो.

शेवटची गोष्ट सर्वांत तातडीची. कुत्र्याच्या पंजावर थेट विजेची जखम दिसली की औषधोपचार संपल्यावरही आपले काम संपत नाही. त्या तारेत वीज आहे हे त्या सकाळी फक्त आपल्याला आणि तार लावणाऱ्याला माहीत असते. आज रात्री त्याच बांधावरून मोटर चालू करायला कोणी शेतकरी जाईल, उद्या शाळेतून येणारे पोर तिथून पायवाट धरील. म्हणून त्याच दिवशी शेजाऱ्याला बोलावून शांतपणे सांगा, तार उतरवायला लावा, आणि तो ऐकत नसेल तर पोलीस पाटलांना व वीज कार्यालयाला लेखी कळवा. दारात आलेल्या कुत्र्याने बोलता येत नसतानाही गावाला धोक्याची खबर दिलेली असते. ती वाचणे आणि पोहोचवणे हे आपल्याच हातात आहे.