पाळ्या लावताना

समाजात तेढ वाढली की उद्योगांकडून पत्रकाची किंवा जाहिरातीची अपेक्षा होते. तनिष्कने ऑक्टोबर २०२० मध्ये आंतरधर्मीय घरातल्या डोहाळजेवणाची जाहिरात केली आणि गदारोळ उठताच ती मागे घेतली. हेतू चांगलाच होता. पण उद्योगांची खरी ताकद माणसांना कामावर एकत्र आणण्यात आहे, आणि ती बरीचशी मनुष्यबळ विभागाच्या हाती असते.

पश्चिम बंगालमधल्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात अर्थशास्त्रज्ञ अर्कदेव घोष यांनी केलेला प्रयोग मनुष्यबळ क्षेत्रातल्या प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे. कामगारांच्या काही तुकड्या हिंदू-मुस्लिम मिश्र, तर काही एकाच धर्माच्या केल्या. कोण कुठे जाणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. एकाचा हात थांबला की दुसऱ्याचा थांबतो, अशा कामांत मिश्र तुकड्यांचे उत्पादन सुरुवातीला कमी भरले. चार महिन्यांत ती तूट पूर्ण भरून निघाली, शिवाय तिथल्या हिंदू कामगारांच्या मनातली अढीही कमी झाली. जिथे प्रत्येक जण आपापले काम उरकत होता, तिथे उत्पादन घटले नाही. मनेही फारशी बदलली नाहीत.

कारखान्याबाहेरही असेच दिसते. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत अर्थशास्त्रज्ञ मॅट लोव यांनी जातींची सरमिसळ करून क्रिकेटच्या स्पर्धा भरवल्या. एका संघात खेळलेल्यांची इतर जातींतल्यांशी मैत्री वाढली. प्रतिस्पर्धी म्हणून भेटल्याने मात्र तसे घडले नाही.

शहराच्या पातळीवरही हाच अनुभव येतो. भिवंडी १९८४ मध्ये हिंदू-मुस्लिम दंगलीत होरपळली. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे दोन्ही समाजांच्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना यंत्रमागांचे हे शहर शांत राहिले. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांच्या २००२ च्या ग्रंथातला शहरांचा तौलनिक अभ्यास हेच सांगतो: व्यापारी संघ, कामगार संघटना अशा मिश्र संस्था भक्कम असल्या, की अफवेची दंगल होणे अवघड जाते.

आपल्या कारखान्यांत मात्र कंत्राटी कामगार बहुधा ठेकेदारामार्फत येतात आणि ठेकेदार आपल्या गावची, नात्यातली माणसे आणतो. मग त्यांची पाळी एक, लाइन एक, राहायची खोलीही एक. पर्यवेक्षकाला ते सोयीचेच वाटते. ही सोय सोडण्याची किंमत कोणी मोजायची, हा कळीचा प्रश्न आहे. मजुरी नगावर असेल तर मिश्र तुकडीतल्या सुरुवातीच्या घटीचा फटका कामगाराच्या खिशाला बसतो, आणि तो राग शेजारी उभ्या असलेल्या नव्या माणसावर निघतो. ज्या सहवासातून अढी सुटायची, त्यातूनच ती घट्ट होते.

म्हणून मिश्र लाइन सुरू करताना पहिले चार महिने कंपनीने मजुरीची हमी द्यावी. त्या काळात पर्यवेक्षकाचे मूल्यमापन निव्वळ उत्पादनावर करू नये, आणि पहिल्याच कुरबुरीला तुकडी फोडू नये. एकेकट्याने उरकण्याच्या कामांपासून सुरुवात नको. जिथे माल हातोहात पुढे सरकतो, अशी जुळणीची एखादी लाइन निवडावी आणि तिचा हिशेब चौथ्या महिन्याअखेरीस मांडावा.