गाविलगडाच्या पाटीवर तो रस्ताही लिहा

चिखलदऱ्याला आलेली मंडळी गाविलगड बघायला गेली की हमखास विचारतात, "फितूर कोण झाला होता?" किल्ला पडला म्हणजे आत कुणीतरी फितूर असलाच पाहिजे, हे आपण धरूनच चालतो. मी काही इतिहासाचा माणूस नाही. मेळघाटातल्या घाटरस्त्यांवर ओव्हरसियर होतो, मुरूम आणि मोऱ्यांत उमर गेली. तेवढ्या जोरावर सांगतो, १५ डिसेंबर १८०३ रोजी हा गड पडला त्याला फितुराची गरजच नव्हती. गड हरला तो रस्त्यावर.

२९ नोव्हेंबरला अडगावला इंग्रजांपुढे नागपूरकर भोसल्यांचा मोड झाला आणि उरलंसुरलं पायदळ या गडात शिरलं. किल्लेदार होता बेनीसिंग. दक्षिणेला सरळ तुटलेले कडे. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली त्याच बाजूला तळ देऊन होता आणि तिथून त्याच्या तोफांनी फारसं काही साधलं नाही. खरं काम केलं कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनं. ७ डिसेंबरला ती एलिचपुराहून, म्हणजे आमच्या अचलपुराहून निघाली, डोंगरात शिरली आणि सुमारे तीस मैलांचा वळसा घेऊन १२ तारखेला गडाच्या उत्तरेला पोचली. अवजड तोफा जवळजवळ सगळी वाट माणसांनी हातांनी ओढल्या आणि तो रस्ताही आधी फौजेलाच करावा लागला, असं खुद्द वेलस्लीनं आपल्या अहवालात नोंदवलं आहे.

पुस्तकात हे एका ओळीत संपतं. पण ज्यानं घाटात रोलर उतरवला आहे त्याला विचारा. चढणीला ओढणं परवडलं. उताराला मागून दोर धरणाऱ्यांचे हात सोलून निघतात, आणि एक चाक घसरलं की सगळंच दरीत. यंत्रं हाताशी असून आम्हाला एका मोरीला महिना पुरत नसे. या लोकांनी पाच-सहा दिवसांत तोफा वर नेल्या! त्यात गोरे होते, तसे मद्रासकडचे देशी शिपाईही होते. शत्रूचं असलं तरी काम ते काम.

पुढचं झटपट झालं. १२ च्या रात्री मोर्चे बांधले, १३ ला तोफा सुरू, १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटाला खिंडारं. १५ ला सकाळी कर्नल केनीची तुकडी आत घुसली. पण आतला तट शाबूत होता, दरवाजा बंद होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल ९४ व्या पलटणीची हलकी कंपनी घेऊन शिड्यांनी तट चढला आणि दरवाजा आतून उघडला. केनी जिव्हारी जखमी झाला. बेनीसिंगाचं प्रेत दरवाज्याजवळच्या प्रेतांत सापडलं.

बेनीसिंग लढून मेला, त्याला भेकड म्हणता येणार नाही. पण उत्तरेचा डोंगर आपली राखण करील, या भरवशावर भोसल्यांचा कारभार बसून राहिला, हा दोष मी देणारच. त्या झाडीत वळणावळणावर थोडे बंदूकवाले बसवले असते, तर १२ तारीख कधी उजाडली असती कोण जाणे.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. कटक गेलं, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला. ज्या गडासाठी एवढं रक्त सांडलं तो मात्र नरनाळ्यासकट भोसल्यांना परत मिळाला! वऱ्हाड निजामाकडे आणि १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभारात गेलं, त्याची वाटही इथूनच जाते. आमच्या शाळांत हे कितीसं शिकवतात?

पुरातत्त्व आणि वन, दोन्ही खात्यांना माझं सांगणं आहे. बुरुज, दरवाजे, गंडभेरुंड यांची माहिती जरूर द्या. पण उत्तरेच्या पठारावर त्या चढाईचा नकाशा लावा, आणि व्याघ्रप्रकल्पाच्या नियमांत बसेल तेवढ्या वाटेवर खुणेचे दगड रोवा. दगड कुठे टिकेल आणि कुठे पहिल्याच पावसात वाहून जाईल, ते दाखवायला मी फुकट येईन.