वेसण नसलेलं जनावर

बोरी अरबात घोडं आलं तरी गावभर बातमी होते. या आठवड्यात बातमी झाली ती घोडं हाती लागत नाही म्हणून. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून आणलेलं, दोन वर्षांचंही न झालेलं शिंगरू. पडीक वावरात चार पोरं त्याच्यामागे, पाचवा मोटारसायकलवर, सहावा मोबाइल धरून. शेवटी ते कुंपणाच्या कोपऱ्यात सापडलं, गळ्यात दोर पडला, शिट्ट्या झाल्या. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या त्याच्या.

"काका, याले वेसण असती तं पाच मिनिटाचं काम व्हतं," एकजण म्हणाला.

खरी गोम इथेच. आपला हात बैलावर बसलेला. गोऱ्ह्याच्या नाकात वेसण पडली की तो ओढीला थांबतो. शेजारी जाणता बैल जुंपला की अर्धी शिकवणी तोच घेतो. शिंगराजवळ एकच हत्यार, पळणं. तुम्ही मागे धावलात, दमलात, थांबलात, की ते शिकलं: पळालं की सुटका होते. आणि कोपऱ्यात गाठलंत, तर दुसरा धडा: माणूस आला की जीव वाचवावा. दोन्हीकडून तोटा तुमचाच.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. जवळजवळ सगळीकडचं दिसतं, कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं तेवढं नाही. म्हणून त्याच्या तोंडावर चाल करून जाऊ नये. तिरकं, खांद्याच्या रोखानं, नजर न भिडवता. ते सरकलं तर उभं राहायचं. मान वळवून पाहिलं तर आपणच एक पाऊल मागे. जवळ येऊ दिलं की आयाळ संपते तिथे खाजवायचं आणि दोर न टाकता निघून जायचं. पुढे मोरखी चढवायची, मूठभर चंदी द्यायची, मोरखी काढून सोडून द्यायचं. हे सोडणंच आपल्याकडे कुणाला जमत नाही. धनगरांच्या वाड्यावर शिंगरू आईमागे चालत, बायापोरांच्या हाताखाली वाढतं. तिथे पाठलागाची वेळ क्वचितच येते. ग्रीक झेनोफननं तर तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, की शिंगराची भूक, तहान, अंगाची कटकट माणसाच्या हातून मिटावी, म्हणजे त्याला माणूस हवासा होतो.

आता वाचक म्हणतील, बुवा शिंगरावरून कर्जवसुलीवर आला. येणारच. ज्या साहेबांचं तोंड फक्त कर्जवसुलीला दिसतं, त्यांची जीप आली की गाव मागच्या दारानं वावरात पसार होतं. मग शिंगराच्याच अकलेला नावं का ठेवायची?

हे सगळं मी त्या पोरांना सांगितलं. ऐकलंही त्यांनी. मग एकानं विचारलं, किती दिवस लागतील? लग्नसराईची एक वरात म्हणे ठरलीय, विसारही घेऊन झालाय, आणि डीजे नवरदेवाच्या मामानं सांगितलाय.