दोन भेटींच्या मधले महिने

३० मे हा जागतिक मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) दिन. जगभरात सुमारे २९ लाख माणसे हा आजार घेऊन जगत आहेत. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीत गाठतो आणि त्यांत बायकांची संख्या पुरुषांच्या दुपटीहून जास्त असते. शरीराची संरक्षक यंत्रणा चेतातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टणावरच उलटते. मग नजर धुरकटते, पाय जड होतात, हाताला मुंग्या येतात आणि रात्रभर झोपूनही न उतरणारा थकवा अंगात मुक्काम करतो. हा थकवा घरच्यांनाही दिसत नाही. ‘अगं, चांगली तर दिसतेस!’ हे वाक्य एमएस असलेल्या प्रत्येक बाईने ऐकलेले असते.

न्यूरॉलॉजिस्टची भेट बहुधा काही महिन्यांतून एकदा होते, तीही गर्दीच्या ओपीडीत. मधले दिवस कसे गेले, हे तेवढ्या वेळात आठवून सांगायचे असते. आजार किती वाढला ते ठरवण्यासाठी आजही प्रामुख्याने जॉन कर्ट्झके यांनी १९८३ मध्ये मांडलेली ईडीएसएस ही शून्य ते दहाची मोजपट्टी वापरतात. तिच्या मधल्या टप्प्यांत सगळा भर चालण्यावर आहे. शर्टाची गुंडी लावायला लागणारा जास्तीचा वेळ किंवा हिशेब करताना होणारा गोंधळ तिच्यात पुरेसा उमटत नाही. शिवाय, एकही अटॅक न येता आणि एमआरआयमध्ये नवा डाग न दिसताही आजार आतल्या आत पुढे सरकू शकतो, हे आता तज्ज्ञांनी मान्य केले आहे.

स्मार्टफोनवरची अ‍ॅप्स उपयोगी पडतात ती याच मधल्या काळात. रोश कंपनीच्या ‘फ्लडलाइट’ची पहिली चाचणी बार्सिलोना आणि सॅन फ्रान्सिस्को येथे २४ आठवडे चालली. त्यात एमएसचे ७६ रुग्ण होते. पडद्यावरचे टोमॅटो चिमटीत दाबायचे, बोटाने आकृत्या गिरवायच्या, चिन्हांना अंक जुळवायचे, फोन अंगावर ठेवून दोन मिनिटे चालायचे, चालताना मागे वळायचे. बोटांचा वेग आणि पावलांचा तोल फोनमधले सेन्सर टिपून घेतात. हे आकडे दवाखान्यातल्या तपासणीशी बऱ्यापैकी जुळतात, असे अभ्यासांत आढळले. आम्हाला ही मोठी गोष्ट वाटते. ‘काहीतरी बिघडतंय’ असे कळवळून सांगणाऱ्या रुग्णाच्या हाती प्रथमच सलग नोंद आली आहे.

मात्र ती वाचायला जाणता माणूस हवा, आणि मे महिन्यात तर हवाच. अंग तापले की एमएसची लक्षणे तात्पुरती बळावतात. श्रमानंतर रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, हे विल्हेल्म उटहॉफ या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्येच नोंदवले होते. वेष्टण झिजलेल्या तंतूतून संदेश नीट जाण्यात अडथळा यायला शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी पुरते. विदर्भात पारा ४५ वर असताना दुपारी दिलेली चालण्याची चाचणी आणि पावसाळ्यात सकाळी दिलेली चाचणी यांची तुलना करायची कशी? आलेख खाली गेला म्हणून, अटॅक आला असे समजून, घाबरून स्टेरॉइडची मागणी होईल. खरे तर पंखा, गार पाणी आणि विश्रांतीने तो पुन्हा वर आला असता. याच्या उलटही होते. चिन्हे जुळवण्याची चाचणी वारंवार दिली की सरावाने गुण वाढतात आणि खरी घसरण त्याखाली झाकली जाते.

आपल्या घरांचाही विचार व्हायला हवा. दहा बाय बाराच्या खोलीत दोन मिनिटे विनाअडथळा चालायचे कुठे? साडीला खिसा नसतो, फोन अनेकदा घरात मिळून एकच असतो आणि सूचना इंग्रजीत येतात. बार्सिलोनात उपयोगी ठरलेली चाचणी बार्शीत तशीच चालेल, असे धरून चालता येत नाही. इथल्या रुग्णांचा अभ्यास मात्र नवा नाही. मुंबईच्या पारशी समाजात हा आजार तुलनेने अधिक असल्याचे डॉ. नोशिर वाडिया यांनी दाखवले, त्यालाही तीन दशके उलटली. इथल्या रुग्णांना, इथल्या उन्हात आणि मराठीत ही साधने तपासून पाहण्याइतका अनुभव आपल्या न्यूरॉलॉजिस्टकडे आणि १९८५ पासून काम करणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाकडे नक्कीच आहे.

आणखी एक गोष्ट आम्हाला मनापासून सांगायची आहे. रोज चाचणी देणे म्हणजे आपले काय हरवले, याची रोज उजळणी करणे. ज्या बाईला आज मुलाचा डबा भरून देता आला, तिला संध्याकाळी फोनने घसरलेला आकडा दाखवावा का, हे तिचे तिनेच ठरवावे. ‘अ‍ॅप का बंद केलंस?’ म्हणून तिला घरच्यांनी टोचू नये आणि डॉक्टरांनीही रागावू नये. तिने नेटाने नोंदी ठेवल्या असतील, तर भेटीत पाच मिनिटे काढून त्या पाहायला मात्र हव्यात. न पाहिल्या जाणाऱ्या नोंदी कोणी किती दिवस ठेवील?

या नोंदी कोणाच्या, हा प्रश्नही आजच विचारला पाहिजे. ‘फ्लडलाइट’ रोशने विकसित केले, ‘एलिव्हेटएमएस’ या अमेरिकेतल्या अ‍ॅपला नोव्हार्टिसचे पाठबळ होते, दोन्ही कंपन्या एमएसची औषधे विकतात. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये संमत झाला. रुग्णाला ‘मान्य आहे’वर बोट ठेवायला सांगण्याआधी त्याच्या चालीची आणि बोटांची ही नोंद कुठे साठणार, कोण पाहणार आणि मागितल्यावर पुसली जाणार का, हे त्याला मराठीत लिहून दिले गेले पाहिजे.