जिन्याचा घसारा

बँकेत उमेदवारी केलेल्या माणसाला ‘घसारा’ हा शब्द नवा नाही. इमारत, यंत्रे, फर्निचर यांची झीज दरवर्षी हिशेबात धरली जाते. घरात मात्र तीच झीज रोज पायाखाली असूनही आपण तिची नोंद घेत नाही. बंगळुरूच्या बनशंकरी भागातील आमच्या घराच्या लाकडी जिन्याने मला हे शिकवले.

वडिलांनी 1984 साली हे घर बांधले, तेव्हा गावाकडच्या पाडलेल्या वाड्यातील सागवानी तुळया चिरून त्यांनी जिन्याच्या पायऱ्या करवून घेतल्या. पुढे त्या मध्यभागी खोलगट झाल्या, कडा गोलावल्या, लोखंडी बादली टेकवण्याच्या जागी काळी वर्तुळे उमटली. 2018 साली एका कारागिराकडून आम्ही त्यांना चकचकीत पॉलिश करून घेतले. आठवडाभरातच आई त्यावरून घसरली आणि तिचे मनगट मोडले. घरात एकच सूर उमटला, लाकडावर ग्रॅनाइट बसवा. मी विरोध केला आणि आजही माझे मत तेच आहे: दोष लाकडाचा नव्हता, आमच्या चकाकीच्या हौसेचा होता. जिना डोळ्यांसाठी नव्हे, पावलांसाठी दुरुस्त करावा.

ग्रॅनाइटचाही विचार करून पाहू. प्रत्येक पायरीवर 20 मिलिमीटर जाडीची लादी बसवली, तर सर्वांत खालची पायरी तेवढी उंच होते आणि माथ्याची तेवढीच ठेंगणी. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाऊल उंचीचा अंदाज बांधते; तो चुकला की तोल जातो. शिवाय ओला, गुळगुळीत दगडही घसरवतोच. सागवानाच्या टिकाऊपणाविषयी शंका असेल, तर याच शहरात 1791 साली पूर्ण झालेला टिपू सुलतानचा सागवानी राजवाडा पाहून यावा.

दुरुस्ती घरच्या घरी होऊ शकते. मात्र ती पावसाळ्याबाहेर, कोरड्या हवेत करावी. आधी सैल फळ्या स्क्रूने आवळाव्यात आणि वर आलेले खिळे आत ठोकावेत. जिन्यावर जुना रंग असेल तर तो कोरडा खरवडू नये. घरगुती रंगातील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांना अपायकारक ठरू शकते. उघड्या लाकडावर 80, 120 आणि 180 क्रमांकांचा काचकागद याच क्रमाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवावा. तोंडावर चांगला मास्क हवाच.

काळे डाग घासून जात नाहीत. ओल, लोखंड आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगातून ते खोलवर मुरलेले असतात. ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने ते फिके होतात. मात्र हे द्रव्य विषारी आहे. हातमोजे व चष्मा वापरावा आणि नंतर पायरी स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्यावी.

लाखेचे पॉलिश कपाटाला शोभते. पायरीवर पाणी सांडले की त्यावर पांढरे डाग पडतात. जिन्यासाठी जमिनीकरिता बनवलेले, चमक नसलेले पॉलियुरेथेन पातळ थरांत द्यावे आणि पुढच्या कडेला खरखरीत पट्टी लावावी. आम्ही एकाआड एक पायरी रंगवली, त्यामुळे आम्हा धडधाकट मंडळींचे येणे-जाणे चालू राहिले. आईची सोय मात्र ते दिवस तळमजल्यावर केली.

याचा अर्थ प्रत्येक जुनी फळी वाचवावी असा नव्हे. आमच्या दोन फळ्या वाळवीने पोखरल्या होत्या. वडिलांची आठवण म्हणून त्या ठेवाव्यात असे क्षणभर वाटले, पण बदलल्या. भावना फळीला आधार देत नाही.

उरलेल्या पायऱ्यांवर एक-दोन वर्तुळे अजून पुसट दिसतात. त्यांना आम्ही हात लावला नाही. आई कठड्याला धरून पुन्हा गच्चीवर जाऊ लागली आहे.

वाचकहो, यंदा दिवाळीची साफसफाई काढाल, तेव्हा आपल्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवरून एकदा तळहात फिरवून पाहा. घरातल्या घसाऱ्याची तरतूद तेथूनच सुरू होते.