कोणता फोन घेऊ गं?

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठीच्या पेपरात कायम काठावर पास. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाला धरा, मला नको! पण हा लेख इंग्लिश सेक्शनला दिला असता तर जिच्यामुळे तो लिहितेय तिलाच वाचता आला नसता. म्हणून हा खटाटोप.

तर मित्रांनो, ई अँड टीसीला अ‍ॅडमिशन घेतली की होस्टेलमध्ये तुम्ही आपोआप मोबाईल एक्स्पर्ट होता. 'कोणता फोन घेऊ गं?' हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतोच. मीही शहाणी, लगेच प्रोसेसर, रॅम, मेगापिक्सेल सुरू. हे सगळं ज्ञान यूट्यूबवरच्या रिव्ह्यूंचं. आणि ते रिव्ह्यू कधीचे? फोन बाजारात येऊन आठवडासुद्धा झालेला नसतो तेव्हाचे.

फर्स्ट इयरच्या शेवटी मेसच्या मावशींनी हाच प्रश्न विचारला. मुलगी बारावीला जाणार, दोघींत मिळून एक फोन. बजेट अकरा हजार, तेही बारा हप्त्यांत. "ताई, चार्जिंग दिवसभर टिकलं पाहिजे अन् आवाज मोठा पाहिजे, भांड्यांच्या गोंगाटात काही ऐकू येत नाही," एवढंच त्यांचं म्हणणं. खरं तर पोळ्या लाटणाऱ्या आक्कांकडे आहे तसलाच त्यांना हवा होता, कारण तो चार वर्षं बिनतक्रार चालला होता. मी हसले. म्हटलं, "मावशी, तसले प्रोसेसर आता म्युझियममध्ये ठेवतात!" आणि १०८ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोन घ्यायला लावला. भांड्यांच्या आवाजाचा मी विचारच केला नाही.

चौदाव्या महिन्यात बॅटरी फुगली. मागचं कव्हर पापडासारखं वर आलं. वॉरंटी बारा महिन्यांची, हप्ते फिटून जेमतेम दोन महिने झालेले. सर्व्हिस सेंटरला मीच बरोबर गेले. तिथे सांगितलं, बॅटरी आत चिकटवलेली असते, काढताना स्क्रीन फुटली तर जबाबदारी आमची नाही असं लिहून द्या, आणि बाविसशे रुपये भरा. मावशी मला एक शब्दही बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "तुमचा काय दोष, ताई?" बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता बॅटरी का फुगली? लिथियम-आयन सेल फार तापला किंवा सतत फुल चार्ज राहिला की आतलं इलेक्ट्रोलाइट खराब होतं आणि गॅस तयार होतो. मावशींचा फोन दिवसभर शेगडीशेजारच्या फळीवर, चार्जरला लावलेला. म्हणजे सगळं खापर कंपनीवर फोडता येणार नाही, हे मलाही कळतं. पण त्याच फळीवर आक्कांचा फोन चार वर्षं टिकला होता! शेगडीजवळ वर्षभर ठेवून फोन तपासणारा एक तरी यूट्यूबर दाखवा. मावशींच्या कामाची टेस्ट आक्कांनी करून ठेवली होती, आणि मी ती हसण्यावारी नेली.

बाबा सांगतात, त्यांच्या नोकिया ११०० चं कव्हर अंगठ्याने निघायचं. २००७ मध्ये नोकियाच्या बीएल-५सी बॅटऱ्यांपैकी ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल कंपनीने सूचना काढली, तेव्हा लोकांनी घरीच बॅटरी काढून मागचा नंबर तपासला. आता हेअर ड्रायर लागतो. असो.

वापरणाऱ्यांना हसण्याचा आजार काही माझ्या एकटीचा नाही. 'अपडेट आलं की जुना आयफोन स्लो होतो' असं लोक कित्येक वर्षं म्हणायचे आणि जाणकार म्हणायचे, मनाचे खेळ. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने स्वतःच मान्य केलं, की बॅटरी जुनी झाली की काही मॉडेल्सचा वेग सॉफ्टवेअर कमी करतं. कारण टेक्निकली बरोबर होतं. जुन्या सेलचा रेझिस्टन्स वाढतो, एकदम करंट खेचला की व्होल्टेज पडतं आणि फोन बंद होतो. पण हे गिऱ्हाइकाला आधी धड सांगायला काय झालं होतं? नुसती बॅटरी बदलून ज्यांचं भागलं असतं त्यांनी नवे फोन घेतले. मग अमेरिकेत बॅटरी बदलायचे ७९ डॉलर होते त्याचे २९ झाले, आणि २०२० मध्ये तिथल्या खटल्यात चूक मान्य न करता ५० कोटी डॉलरपर्यंत देण्याची तडजोड झाली.

गाड्यांचंही तेच. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची सर्टिफाइड रेंज ३१२ किलोमीटर. दिल्लीत एका ग्राहकाची तक्रार होती की आपली गाडी २०० च्या वर कधी गेलीच नाही. मार्च २०२१ मध्ये दिल्ली सरकारने त्या मॉडेलची सबसिडी थांबवली, कंपनी हायकोर्टात गेली आणि त्या आदेशाला स्थगिती मिळाली. ३१२ हा आकडा खोटा नव्हता बरं का! आपल्या पुण्यातल्याच एआरएआयचं सर्टिफिकेट होतं. पण ती टेस्ट रोलरवर, ठरलेल्या सायकलने होते. दोन गाड्यांची तुलना करायला उत्तम. खंबाटकी घाटात एसी लावून चढणाऱ्याला त्याचा काय उपयोग? मग जाहिरातीत तोच आकडा एवढा मोठा कशाला?

आमच्या डिपार्टमेंटच्या एका सरांकडे इलेक्ट्रिक गाडी आहे (कोणती ते सांगत नाही, सर रागावतील). कंपनीच्या आकड्याप्रमाणे एका चार्जमध्ये पुण्याहून कोल्हापूर व्हायला हवं. सर कराडला थांबतात. पण कुरकुर करत नाहीत. डॅशबोर्डमध्ये छोटी डायरी ठेवलीय. तारीख, किलोमीटर, एसी चालू की बंद, गाडीत माणसं किती. मला त्यांची डायरी कुठल्याही ब्रोशरपेक्षा खरी वाटते.

माझी रूममेट म्हणते, लोकांच्या मतांचंही काही खरं नसतं, स्वतःचे पैसे घातलेल्या वस्तूला नाव कोण ठेवणार? बरोबर आहे. पहिल्या महिन्यात सगळ्यांचा फोन बेस्ट असतो. म्हणून मत विचारताना आधी 'किती महिने वापरलास?' हे विचारायचं. वर्षाच्या आतलं असेल तर ऐकून सोडून द्यायचं. नवीन लग्नासारखं आहे ते!

रेक्टर मॅडमच्या परवानगीने मेसच्या नोटीस बोर्डाखाली एक वही टांगलीय. रकाने चारच: वस्तू, कधी घेतली, कुठे वापरता, आज काय अवस्था. पहिली नोंद आक्कांची, दुसरी मावशींची. मुलींनो, फोन, इअरफोन, पॉवर बँक, काहीही लिहा. स्टाफनेही लिहावं, गाड्यांना वेगळं पान ठेवलंय. फक्त वहीला बांधलेलं पेन आतापर्यंत दोनदा चोरीला गेलंय, तेव्हा येताना आपापलं पेन आणा.